घरच्या व्हिडिओची ब्लू-रे डिस्क: प्लेअर का रुसतो आणि त्याला चालेल अशी डिस्क कशी करायची

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने घरी लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. त्याबरोबर मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेटही बंद झाल्या. दुसऱ्या कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क अजून मिळतात, रायटर मिळतात, प्लेअरही चालू आहेत. पण या बातमीनंतर ज्यांच्या घरी लग्नाचे, मुंजीचे, गाण्याच्या बैठकीचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर पडून आहेत, त्यांना 'आता करूनच टाकू' असं वाटू लागलं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रयत्न एकाच ठिकाणी फसतो. डिस्क व्यवस्थित बर्न होते, कॉम्प्युटरवर चालते, आणि टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर येतं: 'ही डिस्क वाचता येत नाही'.

अशा वेळी दोष सहसा डिस्कचा नसतो आणि रायटरचाही नसतो. बर्न करणं हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा टप्पा आहे. खरं काम त्याच्या आधीचं: व्हिडिओ प्लेअरला समजेल अशा एका ठरावीक, बऱ्यापैकी कडक साच्यात बसवणं. तो साचा एकदा कळला की डिस्क वाया जाणं जवळपास थांबतं.

डिस्कवर फाईल असणं वेगळं, डिस्क चालणं वेगळं

फाईल माऊसने ओढून डिस्कवर टाकली तर तयार होते ती डेटा डिस्क, म्हणजे नुसतं गोदाम. काही प्लेअर गोदामात शिरून एमपी४ फाईल शोधतात आणि चालवतात, काही नाही. कोणता प्लेअर काय करेल ते प्रत्येक मॉडेलवर अवलंबून.

ब्लू-रे व्हिडिओ डिस्क ही वेगळी गोष्ट. तिच्यावर 'बीडीएमव्ही' नावाचा फोल्डर असतो आणि शेजारी 'सर्टिफिकेट' नावाचा बहुधा रिकामा फोल्डर. बीडीएमव्हीच्या आत प्रत्यक्ष चित्र आणि आवाज 'स्ट्रीम' फोल्डरमध्ये, कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत दाखवायची हे 'प्लेलिस्ट'मध्ये, आणि क्लिपमध्ये कुठल्या सेकंदाला कुठे उडी मारायची याचा हिशेब 'क्लिपइन्फ'मध्ये. यांच्या वर एक 'इंडेक्स' फाईल असते. प्लेअर आधी ती उघडतो, पुस्तक उघडल्यावर आपण अनुक्रमणिका बघतो तसा. ती जागेवर नसली तर आत काय आहे हे बघायलाही तो जात नाही.

शिवाय हे सगळं डिस्कवर यूडीएफ २.५० या फाईल-पद्धतीने लिहिलेलं असावं लागतं. विंडोजच्या नेहमीच्या 'बर्न टू डिस्क'मध्ये हे आपोआप होत नाही. फोल्डर बरोबर आणि पद्धत चुकलेली, अशी डिस्कही प्लेअर परत करतो.

डबा आणि भाजी

एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही ही डब्यांची नावं आहेत. डब्यात काय शिजवून भरलंय ते ठरवतं कोडेक, म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून लहान करण्याची पद्धत. 'माझी फाईल एमपी४ आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्यात एच.२६४ असेल, एचईव्हीसी असेल, आणखी काहीही असेल.

साध्या ब्लू-रेला चित्रासाठी तीनच कोडेक चालतात: एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. घरच्या कामाला एच.२६४ घ्यावं. आजकालच्या आयफोनमध्ये मूळ सेटिंगने एचईव्हीसी रेकॉर्ड होतं, ते साध्या ब्लू-रेला अजिबात चालत नाही. आवाजाचंही तसंच. फोन आणि एडिटिंगची बहुतेक सॉफ्टवेअर आवाज एएसी पद्धतीने देतात, आणि ब्लू-रेच्या यादीत एएसी नाहीच. तिथे लागतो एसी-३ (डॉल्बी डिजिटल), डीटीएस किंवा न दाबलेला एलपीसीएम, तोही ४८ किलोहर्ट्झचा. सीडीवरून घेतलेलं गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं असतं, ते ४८ करून घ्यावं लागतं.

डबा बदलला तरी भाजी तीच राहते. फाईलचं नाव बदलून किंवा एमपी४चं एमकेव्ही करून काही साधत नाही ते यामुळे. कोडेक चुकीचा असेल तर पुन्हा शिजवावंच लागतं, त्याला एन्कोडिंग म्हणतात. कोडेक बरोबर असेल आणि फक्त डबा बदलायचा असेल तर ते मक्सिंग. एन्कोडिंगला तास लागतात, मक्सिंगला मिनिटं.

सगळ्यात जास्त डिस्क कुठे वाया जातात: सेकंदाला किती चित्रं

ब्लू-रेवर १९२० × १०८० आकाराचं चित्र सेकंदाला २३.९७६ किंवा २४ पूर्ण चित्रांनी चालतं. त्याशिवाय ते 'इंटरलेस्ड' चालतं, म्हणजे चित्राच्या आधी विषम ओळी आणि मग सम ओळी अशा दोन हप्त्यांनी, सेकंदाला ५० किंवा ५९.९४ अर्धी चित्रं. १२८० × ७२० आकाराला २३.९७६, २४, ५० आणि ५९.९४ पूर्ण चित्रं चालतात. यादी संपली.

आता आपल्याकडे काय असतं ते बघा. लग्नाचं शूटिंग करणारे बहुतेक लोक २५ पूर्ण चित्रांवर काम करतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली २५ वर चित्र लुकलुकत नाही. फोन ३० वर किंवा ६० वर रेकॉर्ड करतो. म्हणजे १०८० च्या आकारात २५, ३० आणि ६० पूर्ण चित्रं, हे तिन्ही यादीत नाहीत. आपल्या घरातला जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ जसाच्या तसा नियमाबाहेरचा असतो.

२५ आणि ३० साठी तोडगा सोपा आहे, आणि त्यात चित्राची गुणवत्ता काडीचीही कमी होत नाही. एकच पूर्ण चित्र सम-विषम ओळींचे दोन हप्ते म्हणून पाठवायचं. दोन्ही हप्ते एकाच क्षणाचे असल्यामुळे टीव्ही ते पुन्हा जोडतो आणि पूर्ण चित्रच दिसतं. एक्स२६४ या मोफत एन्कोडरमध्ये यासाठी 'फेक-इंटरलेस्ड' नावाचा पर्याय आहे. २५ ला तो लावला की प्लेअरला ५० अर्धी चित्रं मिळाल्यासारखं वाटतं. ३० ला आधी २९.९७ करून मग लावायचा.

६० च्या व्हिडिओसाठी दोन वाटा आहेत: आकार ७२० करून ५९.९४ पूर्ण चित्रं ठेवायची, किंवा आकार १०८० ठेवून ती खरोखर इंटरलेस्ड करायची. लेझीम, ढोल-ताशा, नाच, मैदानावरचा खेळ असेल तर ७२० ची वाट धरावी. हालचाल स्वच्छ राहते आणि टीव्हीवर ओळींचे दाते दिसत नाहीत.

एकाच व्हिडिओत कॅमेऱ्याचे २५ आणि फोनचे ३० मिसळलेले असतील तर मुख्य शूटिंग ज्यावर आहे ते धरून बाकीचं त्यात बसवावं. फोनच्या तुकड्यांत थोडा झटका दिसेल, तो सोसावा लागतो.

फोनची फाईल: आधी तपासा

मीडियाइन्फो नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर आहे. फाईल त्यात टाका आणि पाच गोष्टी वाचा: कोडेक कोणता, आकार किती, सेकंदाला चित्रं किती, ती 'कॉन्स्टंट' आहेत की 'व्हेरिएबल', आणि आवाज कोणता.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फोन सेकंदाला नेमकी ३० चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो २९ वर येतो, कधी २४ वर, पुन्हा ३० वर. फाईलमध्ये प्रत्येक चित्राची वेळ नोंदलेली असल्यामुळे फोनवर सगळं बरोबर दिसतं. ब्लू-रेला मात्र ठरावीक चालच लागते. ही फाईल सरळ मक्स केली तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, मंगलाष्टकांपर्यंत अर्धा सेकंद फरक पडतो आणि पंगतीपर्यंत दोन-तीन सेकंदांचा. फरक हळूहळू वाढत जातो, ही या बिघाडाची खूण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तर कारण दुसरं असतं, आणि मक्स करताना आवाज तेवढा पुढे-मागे सरकवून तो सुटतो.

उपाय असा: काहीही करण्याआधी हँडब्रेक या मोफत एन्कोडिंग सॉफ्टवेअरमध्ये फाईल 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' आणि २९.९७ निवडून, गुणवत्ता चढी ठेवून एकदा काढून घ्यायची. मग हीच फाईल कच्चा माल म्हणून वापरायची. हँडब्रेकमधून निघालेली फाईल थेट ब्लू-रेसाठी नसते, हे लक्षात ठेवा.

फोनच्या बाबतीत आणखी दोन अडचणी येतात. नवे आयफोन एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेड-अंधार सामावणाऱ्या १०-बिट रंगात रेकॉर्ड करतात. ब्लू-रेला ८-बिट आणि बीटी.७०९ हे नेहमीचे रंग लागतात. रूपांतर करताना 'टोनमॅप', म्हणजे एचडीआरचा उजेड-अंधार नेहमीच्या रंगांत बसवणं, केलं नाही तर शालूचा लाल रंग धुवून वाळत घातल्यासारखा फिका दिसतो. दुसरी अडचण उभ्या व्हिडिओची. १९२० × १०८० च्या चौकटीत उभा व्हिडिओ मधल्या ६०८ ठिपक्यांच्या पट्ट्यात बसतो आणि दोन्ही बाजूंना काळं राहतं. तो ताणून रुंद करू नका, माणसं जाड दिसतात.

जागेचा हिशेब

एकपदरी ब्लू-रे डिस्कवर '२५ जीबी' लिहिलेलं असतं. कंपनी जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. तीच डिस्क विंडोजमध्ये २३.३ जीबी दिसते. कोणी फसवलेलं नसतं, फक्त मापं दोन आहेत. त्यातही रायटरने खराब जागांसाठी राखीव भाग ठेवून डिस्क फॉरमॅट केली तर विंडोजच्या मापाने साधारण २२.५ जीबीच उरते. म्हणून तयार इमेज, म्हणजे डिस्कवर लिहायची अख्खी फाईल, २२.३ जीबीच्या आत ठेवली की निर्धास्त.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा खर्च होतो. डिस्कच्या रचनेचा स्वतःचा पसारा सहा-सात टक्के वजा केला तर हातात अंदाजे १,७८,००० मेगाबिट राहतात. या आकड्याला व्हिडिओच्या एकूण सेकंदांनी भागा आणि त्यातून आवाजाचा वाटा काढा. दोन तासांच्या व्हिडिओचे ७,२०० सेकंद, म्हणजे साधारण २४ मेगाबिट. तीन तासांना १६, चार तासांना १२.

लग्नाच्या व्हिडिओला १६ भरपूर झाले. १२ लाही घरच्या टीव्हीवर फरक शोधावा लागेल. त्याखाली फुलांच्या अक्षता, फटाके, कारंजं अशा ठिकाणी चित्राचे चौकोन पडायला लागतात. मूळ फाईलच १७ मेगाबिटची असेल तर ३० ला एन्कोड करून ती सुधारत नाही, नुसती फुगते.

आवाजाला दोन चॅनेलचा एसी-३, २५६ किलोबिटचा, बहुतेक वेळा पुरतो. गाण्याची मैफल किंवा कीर्तन असेल तर मात्र एलपीसीएम ठेवा. दीड मेगाबिट जातात, पण तंबोऱ्याचा आणि टाळांचा नाद दाबला जात नाही. तिथे जागा वाचवणं मला पटत नाही.

एन्कोडरला घालायच्या अटी

दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि पुढच्यांत फक्त 'काय बदललं' एवढंच लिहिलेलं असतं. अभंगात धृवपद परत परत येतं तसं. उशिरा आलेला माणूस धृवपद आलं की सुरात मिसळतो. प्लेअरला मध्येच उडी मारायची असली तर त्यालाही पुढचं पूर्ण चित्र गाठावं लागतं. इंटरनेटवरच्या फाईलमध्ये ते दहा-दहा सेकंदांनी आलं तरी चालतं. ब्लू-रेचा नियम आहे की ते दर सेकंदाला आलंच पाहिजे. कमाल बिटरेट १५ मेगाबिटपर्यंत असेल तर दोन सेकंदांची सवलत मिळते. म्हणून 'कीइंट' हा आकडा २५ च्या व्हिडिओला २५ आणि २९.९७ ला ३० ठेवायचा.

दुसरी अट बफरची. महापालिकेचा नळ ठरावीक वेगाने पाणी देतो, घरात मात्र कधी एकदम तीन नळ सुटतात, तेव्हा गच्चीवरची टाकी सांभाळून घेते. प्लेअरमध्येही अशी एक टाकी असते, ३०,००० किलोबिटची, आणि तिच्यात येणाऱ्या चित्राच्या धारेचा वेग ४०,००० किलोबिटच्या पुढे जाता कामा नये. एन्कोडरला हे दोन्ही आकडे सांगितले नाहीत तर तो सरासरी १६ सांभाळतो, पण फटाक्यांच्या दृश्याला एकदम ६० उधळतो. टाकी रिकामी होते आणि चित्र गोठतं. घरी लिहिलेल्या डिस्क कारखान्यातल्यांपेक्षा वाचायला थोड्या जड जातात, म्हणून कमाल वेग ३०,००० ते ३५,००० वरच थांबवावा हे बरं.

बाकीच्या अटी एका दमात: प्रोफाइल 'हाय', लेव्हल (प्लेअरवर किती भार टाकायचा त्याची मर्यादा) ४.१, प्रत्येक चित्राचे ४ स्लाइस, १०८० साठी रेफरन्स फ्रेम जास्तीत जास्त ४, बी-फ्रेम जास्तीत जास्त ३, रंग ८-बिट ४:२:०. एक्स२६४ मध्ये 'ब्लूरे-कम्पॅट' हा पर्याय लावला की यातल्या काही आतल्या गोष्टी तो स्वतः सांभाळतो. पण कमाल वेग, टाकीचं माप, कीइंट, लेव्हल आणि स्लाइस तो स्वतः भरत नाही. ते तुम्हालाच लिहावे लागतात. 'ब्लूरे-कम्पॅट लावलं तरी डिस्क अडकते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

एन्कोड दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळा व्हिडिओ पाहून कुठे किती खर्च लागेल याचा अंदाज घेतो, दुसऱ्यात वाटप करतो. वेळ वाढतो, पण फाईल ठरवलेल्या आकारातच उतरते. ग्राफिक कार्डावरचे झटपट एन्कोडर या कामाला घेऊ नयेत, कारण वरच्या अटी ते सगळ्याच पाळतील याची खात्री नसते.

रचना: टीएसमक्सर

आता चित्राची एक फाईल आणि आवाजाची एक फाईल तयार आहे. टीएसमक्सर हे मोफत सॉफ्टवेअर या दोन्हींना बीडीएमव्हीच्या साच्यात बसवतं. दोन्ही फाईली आत घ्या, चॅप्टर दर पाच मिनिटांनी पडतील असं ठेवा, आउटपुट 'ब्लू-रे आयएसओ' निवडा आणि सुरू करा. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली हुबेहूब प्रत. ती निवडली की यूडीएफ २.५० ची काळजी टीएसमक्सरच घेतो, म्हणून फोल्डरपेक्षा आयएसओ बरी. सबटायटल एसआरटी फाईलमध्ये असतील तर त्यांची चित्रं करून तो जोडतो. तिथे देवनागरी फॉन्ट निवडायला विसरू नका आणि जोडाक्षरं नीट येतात का तेही बघा.

इथे एक मोहाची जागा आहे. टीएसमक्सरमध्ये 'लेव्हल बदला' आणि 'एफपीएस (सेकंदाला चित्रं) बदला' असे पर्याय दिसतात. लेव्हल ५.१ ची फाईल त्यातून ४.१ ची म्हणवून घेता येते. पण त्याने बरणीवरची चिठ्ठी बदलते, आतला माल तोच राहतो. प्लेअर चिठ्ठी वाचून डिस्क सुरू करतो आणि पहिल्या अवघड दृश्याला थांबतो.

टीएसमक्सर मेन्यू बनवत नाही. डिस्क घातली की व्हिडिओ सुरू होतो. घरच्या कामाला हेच चांगलं, कारण आजी-आजोबांना रिमोटने मेन्यूत शिरायला लागत नाही. मेन्यू हवाच असेल तर मल्टीएव्हीसीएचडी नावाचं सॉफ्टवेअर आहे, मात्र ते हाताळायला किचकट आहे.

बर्न करताना

विंडोजवर इमबर्न हे बर्न करायचं सॉफ्टवेअर घ्या आणि 'इमेज फाईल डिस्कवर लिहा' हा पर्याय निवडा. वेग ४एक्स ठेवा. ब्लू-रेचा १एक्स म्हणजे सेकंदाला साडेचार मेगाबाइट. त्या हिशेबाने भरलेली डिस्क ४एक्सला साधारण २३ मिनिटांत लिहून होते. इमबर्न ४एक्स दाखवत असताना प्रत्यक्षात २एक्सच चालत असेल तर घाबरू नका. राखीव जागा ठेवून फॉरमॅट केलेल्या बीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कवर) रायटर प्रत्येक भाग लिहून लगेच तपासतो, त्यामुळे वेग निम्मा होतो.

'व्हेरिफाय'ची खूण काढू नका. लिहून झाल्यावर सगळी डिस्क पुन्हा वाचून मूळ इमेजशी ताडली जाते. अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

यूएसबी रायटर असेल तर तो हबमधून न जोडता थेट कॉम्प्युटरला जोडा. दोन यूएसबी टोकांची वायर मिळाली असेल तर दोन्ही टोकं लावा. बारीक रायटरला लिहिताना जास्त वीज लागते, आणि ती पुरली नाही की डिस्क नव्वद टक्क्यांवर जाऊन मरते.

रायटर घेताना आणि डिस्क घेताना

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लू-रे' लिहिलेल्या काही ड्राइव्ह 'कॉम्बो' असतात. त्या ब्लू-रे वाचतात, लिहितात मात्र फक्त सीडी-डीव्हीडी. 'बीडी-आर' आणि 'बीडी-आरई' लिहिता येतं असं स्पष्ट असेल तरच घ्या.

बीडी-आर एकदाच लिहिता येते, बीडी-आरई पुसून पुन्हा लिहिता येते. एक बीडी-आरई चाचणीसाठी ठेवा. प्रत्येक नवा प्रयोग आधी तिच्यावर करून खऱ्या प्लेअरमध्ये बघा. कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेअरवर चाललं हा पुरावा धरू नका. व्हीएलसी जवळजवळ काहीही चालवतो, म्हणूनच या कामात त्याची साक्ष उपयोगाची नाही.

बीडी-आरमध्येही दोन जाती आहेत. नेहमीची एचटीएल, जिच्यात लिहिण्याचा थर धातूंच्या संयुगांचा असतो. आणि एलटीएच, जिच्यात डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग असतो. एलटीएच स्वस्त पडते, पण काही प्लेअर ती वाचत नाहीत आणि उजेडात तो रंग खराब होतो. वेष्टनावर 'एलटीएच' दिसलं तर ठेवून द्या.

कोऱ्या डीव्हीडीवर एचडी बसतं का?

बसतं. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी ही पद्धत आणली, तिच्यात ब्लू-रेसारखीच रचना साध्या डीव्हीडीवर लिहिता येते. टीएसमक्सरमध्ये आउटपुट 'एव्हीसीएचडी' निवडायचं. डीव्हीडीवर एकूण वेग १८ मेगाबिटच्या आत ठेवावा लागतो. चित्राला १५ ठेवलं तर ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर जेमतेम ४० मिनिटं मावतात. बारशाला, वाढदिवसाला पुरेसं आहे. मात्र ही डिस्क ब्लू-रे प्लेअरमध्येच चालते आणि त्याच्या माहितीपत्रकात एव्हीसीएचडीचा उल्लेख असावा लागतो. साध्या डीव्हीडी प्लेअरला ती वाचता येत नाही, तिच्यावरचं एच.२६४ त्याला कळतच नाही.

मग पेनड्राइव्हच का नको?

टीव्हीवर एकदा बघायचं असेल तर पेनड्राइव्हच लावा, त्यासाठी एवढी खटपट नको. डिस्कचा फायदा साठवणुकीत आहे. बीडी-आर एकदा लिहिली की चुकून पुसली जात नाही, तिच्यावर कोणी दुसरं काही भरत नाही, व्हायरस शिरत नाही. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न वापरता कपाटात राहिला तर त्याच्यातला विजेचा भार हळूहळू ओसरतो आणि डेटा जाऊ शकतो. तरीही एकुलती एक प्रत म्हणून डिस्कवर विसंबू नका. मूळ फाईल वेगवेगळ्या दोन ठिकाणी ठेवा.

जुनी कॅसेट ब्लू-रेवर टाकली की एचडी होते का?

नाही. मिनीडीव्हीचं चित्र ७२० × ५७६ चं आहे आणि तेवढाच तपशील त्यात आहे. १०८० ला फुगवून तो वाढत नाही. ब्लू-रेला ७२० × ५७६, ५० अर्ध्या चित्रांचं, जसंच्या तसं चालतं. तेच ठेवा आणि इंटरलेस्ड आहे ते इंटरलेस्डच एन्कोड करा. ८ मेगाबिटला एका डिस्कवर जवळपास सहा तास मावतात, म्हणजे एका घरच्या अर्ध्या कॅसेट एका डिस्कवर. सम-विषम ओळींचा क्रम मात्र तपासा. तो उलटा झाला तर चालणारा माणूस थरथरत पुढे-मागे जाताना दिसतो.

आणि फोरके?

साध्या ब्लू-रेवर ३८४० × २१६० बसतच नाही. फोरके फाईल जपून ठेवा आणि डिस्कसाठी १०८० ची प्रत काढा. मोठ्या चित्रावरून लहान केलेलं १०८० मुळातल्या १०८० पेक्षा सहसा जास्त रेखीव दिसतं.

विकतच्या सिनेमाच्या डिस्कची प्रत काढणं हा विषय वेगळा. त्यांच्यावर एएसीएस नावाचं कुलूप असतं, आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५ए नुसार हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप फोडणं गुन्हा आहे. इथे लिहिलेलं सगळं स्वतःच्या व्हिडिओंसाठी आहे.

डिस्क चालत नसेल तर लक्षणावरून कारण

प्लेअर डिस्क ओळखतच नसेल तर आधी डिस्कची जात बघा, मग यूडीएफ, मग बीडीएमव्ही फोल्डर अगदी वरच्या पातळीवर आहे ना ते बघा. 'माझं लग्न' नावाच्या फोल्डरच्या आत बीडीएमव्ही ठेवलेला असेल तर प्लेअरला तो सापडत नाही. चित्र येतं पण आवाज नाही, तर आवाज एएसी राहिला आहे. आवाज येतो आणि पडदा काळा, तर एचईव्हीसी किंवा १०-बिट. ठरावीक दृश्याला प्रत्येक वेळी अडकतं, तर कमाल वेगाची अट सुटली आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकतं, तर डिस्क नीट लिहिली गेलेली नाही किंवा पृष्ठभाग मळला आहे.

मळण्याचं ब्लू-रेला विशेष वावडं आहे. डीव्हीडीत डेटाचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेमध्ये फक्त ०.१ मिलिमीटर, आणि रेघा निम्म्याहून जवळ असतात. लाडवाच्या तुपाचं एक बोट पुरतं. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. नाव लिहायला डिस्कसाठीचा मार्कर वापरा. चिकटवायचं लेबल लावलं की डिस्क फिरताना डगमगते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डिस्क कागदी पाकिटात न ठेवता बंद डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून, उभी ठेवा. डबीच्या आतल्या कागदावर तारीख, प्रसंग आणि 'मूळ फाईल कुठे आहे' एवढं लिहून ठेवा.